पाण्यासकट सोडलेले मासे

रत्नपालला गावात कोणी सरळ नावानं हाक मारत नसे. 'नदीचा पाटील' म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. कुरुंद्याच्या सडकेवरून आत वळलं की हे गाव लागतं आणि गावाला लागून नदी आहे. तिला कागदावर नाव आहे, पण गावात तिला नुसती नदी म्हणतात, आणि उन्हाळ्यात तर तेवढंही म्हणवत नाही. रत्नपालचा धंदा मोटारी भरायचा. शेतकऱ्याची मोटार जळाली की ती उघडायची, आत नवी तार भरायची, की ती पुन्हा जाऊन नदीवर बसते आणि पाणी ओढायला लागते. आणि संध्याकाळी हाच बाबा गळ घेऊन काठावर बसायचा आणि पाणी आटलं म्हणून साऱ्या जगाला शिव्या घालायचा. लोक तोंडावर म्हणत, दिवसा मोटारी भरतोस अन् सांजच्याला नदी रिकामी झाली म्हणून रडतोस, तू हायेस तरी कोनाकडून? उत्तर नसलं की तो चिडायचा आणि चिडला की समोरच्याची सात पिढ्यांची लाज काढायचा. म्हणून पन्नाशी ओलांडेपर्यंत त्याला मित्र असा एकच उरला होता.

तो मित्र म्हणजे इस्माईल. छोटा हत्ती टेम्पो चालवायचा, हळदीची पोती वसमतच्या मोंढ्यात नेऊन टाकायचा. कमी बोलणारा, सावकाश हलणारा माणूस. दोघांचं जमलं ते गळामुळं. एकेकाळी या गावात गळवाले दहा-बारा होते. त्यातले काही मेले, काही पुण्याला गेले, काहींनी गळ टाकून जाळी घेतली. उरले हे दोघं.

आणि या दोघांचे नियम म्हणाल तर बाप रे! मिरगापासून पोळ्यापर्यंत गळ पाण्यात जायचा नाही, तेव्हा मासा अंड्यावर आणि पिल्लांवर असतो. पोटुशी मादी लागली तर हात आधी ओला करायचा आणि मग तिला सोडवायची, कारण कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो आणि ती पुढं रोगानं मरते. घरच्या कालवणापुरतं मिळालं की काठी गुंडाळायची. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो रत्नपालच्या बापानं त्याला शिकवला आणि त्यानं भेटेल त्याला ऐकवला, तो हा की एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात धपकन टाकायचा नाही. ज्या पाण्यात आणला त्या पाण्यासकट सोडायचा, हळूहळू, काठाकाठानं. नवं पाणी एकदम अंगावर आलं तर मासा धसका घेतो. हे तो इतक्यांदा सांगायचा की त्याची बायको शिला म्हणायची, मला सासरी आणली तेव्हा एवढा इचार केला व्हता का कोणी?

गावाच्या वरच्या अंगाला खडकाचा डोह होता. सात वर्षांपूर्वी या दोघांनी ठरवलं की या डोहात कोणी काही टाकायचं नाही. गळ नाही, जाळं नाही, काही नाही. ग्रामसभेत सांगितलं तर लोक हसले, पण हळूहळू सवय झाली. साऱ्या नदीतली मरळ संपली होती, तळ्यातून आलेली चिलापी तेवढी सगळीकडे माजली होती. मरळ राहिली ती फक्त खडकाच्या डोहात. हातभर लांबीच्या माद्या होत्या तिथं. इस्माईलला त्या ओळखू यायच्या म्हणे. रत्नपाल म्हणायचा, गप रे, मासे काय तुझ्या मावशा हायेत? पण त्यालाही त्या ओळखू यायच्या.

डोहाला खरा धोका होता तो विजयकुमारचा. तिशीतला माणूस, थोडी शेती, आणि बॅटरीवर मासे मारायचा. पाण्यात करंट सोडायचा की आसपासचं सगळं पोट वर करून तरंगायचं. दोन वर्षांपूर्वी रत्नपालनं त्याला डोहावर पकडला होता, त्याचं यंत्र हिसकून खडकावर आपटलं होतं आणि वर चार लोकांत आणून त्याला मासे मारणारा नव्हे, नदी मारणारा म्हटलं होतं. विजयकुमार तेव्हा एवढंच म्हणाला होता की गळानं मेला काय अन् करंटनं मेला काय, मासा मरतोच. रत्नपाल त्यावर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यंदा नदी एप्रिलमध्येच तुटली. तुकडे तुकडे उरले. मेच्या मध्यावर डोह सोडला तर पाणी एकाच ठिकाणी होतं, सखुबाईच्या मळ्याखालच्या खड्ड्यात, तेही घोट्याएवढं. आणि त्या खड्ड्यात, काय नवल म्हणावं, चार मरळी सापडल्या. गेल्या पावसाळ्यात डोहातून खाली वाहून आल्या असतील. त्यांच्यासोबत वाम, झिंगे, काही शिंगटे. माशांच्या पाठी पाण्याबाहेर दिसत होत्या. रत्नपालनं सखुबाईला आठ दिवस मोटार बंद ठेवायला सांगितलं आणि तिनं ठेवली. सखुबाई चांगली बाई, हळद करणारी, तिची मोटार त्यानं तीनदा भरून दिली होती. पण मोटार बंद ठेवून ऊन थोडंच थांबतं?

त्यातच एका दुपारी चहाच्या टपरीवर विजयकुमार सगळ्यांसमोर म्हणाला की उद्या सकाळी इंजिन लावून खड्डा उपसून टाकतो, मरनारच हायेत तर पोटात तरी जातील. रत्नपाल तिथंच बसला होता. तो चहा तसाच टाकून उठला आणि इस्माईलच्या घरी गेला. आजच्या आज मासे डोहात न्यायचे, म्हणाला. गाडी काढ.

इस्माईलनं गाडी काढली, दोघं खड्ड्यावर आले, पण मासे न्यायचे कशात? बादल्यांत दीड कोस गेले तर गरम पाण्यानं मरतील. इस्माईल म्हणाला, कुरुंद्याच्या मंडपवाल्याकडं लग्नातले पाण्याचे ड्रम आहेत, मी घेऊन येतो, सांजपर्यंत परत येईन. रत्नपालला तेवढा दम कुठला! सखुबाईच्या मळ्यातल्या शेडमागं दोन निळे ड्रम पालथे घातलेले त्याला दिसत होते. सखुबाई घरच्या सगळ्यांना घेऊन भावाच्या लेकीच्या लग्नाला वसमतला गेली होती. विचारायला कोणी नव्हतं. तो म्हणाला, सखुबाई आपल्याला नाही म्हणणार आहे का?

त्यानं ड्रम उलटे केले. दोन वेळा पाणी मारून खळबळून घेतले. बुडाला पांढुरका थर होता, तो हातानं खरवडला तर थोडा निघाला, बाकी राहिला. इस्माईलनं ड्रममध्ये तोंड घालून वास घेतला आणि तो बाजूला झाला.

"रतन, वास येऊन राहिला."

"हळदीच्या मळ्यात हळदीचा वास येईल, न्हाई तर काय अत्तराचा?"

"हळदीचा न्हाई वाटत. मी ड्रम आनतो ना कुरुंद्याहून."

"तू ये सांजच्याला ड्रम घिऊन," रत्नपाल म्हणाला, "तवर इथं कातडं राहील माशांचं."

आता खरं सांगायचं तर हळदीच्या त्या मुलखात मे महिन्यात मळ्यातला ड्रम कशाचा असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण एक जन्मभर मोटारी उघडत बसलेला आणि दुसरा बांधलेली पोती वाहणारा. हळदीच्या गावात केस पांढरे झाले, पण लावायचं बेणं कधी हातात धरलं नाही. जमीन नव्हती दोघांना, तर बेणं कुठून येणार? इस्माईलनं आणखी एकदा मान हलवली आणि मग मित्राचं ऐकलं. तो नेहमीच ऐकायचा.

मासे त्यांनी फार जपून धरले. हात ओले करून, साडीच्या जुन्या कापडानं उचलून. चार मरळी एका ड्रममध्ये, बाकीचे दुसऱ्यात. दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला वाटेतच एक मरळ कुशीवर झाली. इस्माईल घाबरला. रत्नपाल म्हणाला, ऊन आहे, दम लागला असेल, गाडी हाण. डोहावर पोचल्यावर इस्माईल म्हणाला की मासे हातानं काढून पाण्यात सोडू. रत्नपाल त्याच्यावर खेकसला. एवढ्या वर्षांत काय शिकलास? पाण्यासकट सोडायचे. आणि त्यानं ड्रम काठावर कलता करून, हळूहळू, वाटीनं तेल ओतावं तसं सगळं पाणी डोहात सोडलं. मासे गेले, त्यांच्यामागं ड्रमचं पाणी गेलं, आणि बुडाचा थर भिजून सुटला होता तो राहू नये म्हणून त्यानं डोहाचंच पाणी घेऊन ड्रम आतून विसळला आणि तेही परत डोहात ओतलं. दुसऱ्या खेपेलाही तसंच. डोह यंदा आक्रसून एखाद्या खळ्याएवढा झाला होता, पाणी कमरेइतकं. कुशीवर पडलेली मरळ जराशी फिरली, खाली गेली. ती गेली हे पाहून रत्नपालच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्यानं इस्माईलला उगीच एक शिवी दिली.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो शिलासाठी भेळ घेऊन. जेवताना दोनदा हसला. शिलानं विचारलं, आज काय लॉटरी लागली का? तो म्हणाला, विजयकुमार उद्या इंजिन घिऊन येईल अन् चिखल उपसंल. आणि पुन्हा हसला. गेल्या कित्येक उन्हाळ्यांत त्याला इतकी गाढ झोप लागली नव्हती.

सकाळी दात घासत होता तेव्हा बाया पाट्या घेऊन पळताना दिसल्या. कुठं म्हणून विचारलं तर एक म्हणाली, खडकाच्या डोहात मासे वर आले, लई आले. त्याच्या हातातला तांब्या तिथंच राहिला.

डोह पांढरा झाला होता. झिंगे, वाम, शिंगटे, बोटाएवढी लहान मासळी, सगळी पोटं वर. कडेला हातभर लांब मरळी पडल्या होत्या. खड्ड्यातून आणलेल्या चार तर होत्याच, पण डोहातल्या जुन्याही होत्या, ज्यांच्यासाठी सात वर्षं घातली त्या. एक म्हातारी विळीच घेऊन आली होती. तिनं काठावरच एक मरळ कापली, आणि तिच्या पोटातून अंड्यांची पिवळी लगड बाहेर आली. महिन्याभरानं पाऊस पडला की ती अंडी डोहात पडली असती. रत्नपालनं ते पाहिलं आणि त्याला काहीच सुचेना. मग त्याला गर्दीत विजयकुमार दिसला, आणि एकदम सगळं सुचलं.

त्यानं जाऊन विजयकुमारचा गळा धरला. रात्रीत येऊन डोह मारलास, म्हणाला, खड्डा हुकला म्हणून डोहावर सूड काढलास. विजयकुमार शपथा घेऊ लागला. आईची, लेकराची. रत्नपालनं त्याच्या मुस्काटात दोन दिल्या. लोकांनी सोडवलं नसतं तर त्यानं त्याला डोहात बुडवला असता. आणि लोकांचं मनही रत्नपालच्याच बाजूचं होतं, कारण विजयकुमारला कोण ओळखत नव्हतं? कोणी तरी म्हणालं की पोलिसांत द्या. दुसरा म्हणाला, यावेळी द्याच.

एवढ्यात सखुबाई आली. वसमतहून पहिल्या गाडीनं उतरली होती आणि मळ्यात ड्रम दिसले नाहीत म्हणून चाकांच्या खुणा धरून तशीच इकडं चालत आली होती. तिला डोहाचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं गर्दी पाहिली, बातमी ऐकून आलेल्या इस्माईलची गाडी पाहिली आणि गाडीत तिचे दोन निळे ड्रम पाहिले.

"आरं रत्नपाल," ती म्हणाली, "हे ड्रम तुमी काहून आनले? बेण्याचे हायेत ते. कालपरवाच चार क्विंटल बेणं औषधात बुडवलं त्यात. हात लावला का तुमी? हात धुवा आधी, साबन लावून धुवा."

अर्ध्या लोकांनी ऐकलंच नाही, ते पाट्या भरत होते. पण रत्नपालनं ऐकलं. विजयकुमारवर पुन्हा उगारलेला हात त्यानं खाली घेतला. इस्माईल गाडीच्या चाकाजवळ खाली बसला. रत्नपालला आठवला तो पांढुरका थर, आणि तो थर निघावा म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं, मायेनं, दोनदा विसळलेला ड्रम. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. धरणी असं काही करत नाही. ती मेच्या उन्हात टणक असते आणि माणसाला तिच्यावर उभं राहावंच लागतं.

बाया मासे पाटीत भरत होत्या. कोणी म्हणत होती की पाव्हणे यायचे आहेत, कोणी म्हणत होती सुकवून ठेवू. रत्नपाल ओरडला की कोणी नेऊ नका, खाऊ नका. त्यावर एक म्हणाली, आता मेले तरी तुमचेच का? सात वर्षं हात लावू दिला नाही, आता काय एकट्यानंच खायचेत? आणि लोक हसले. त्याचं ऐकायची सवय कोणाला होतीच कुठं, तो तर बारा महिने ओरडायचा. विजयकुमारनं टाकलेलं औषध आहे असं तो म्हणाला असता तरी चाललं असतं. सगळ्यांनी मानलं असतं, पाट्या उलट्या केल्या असत्या, आणि सखुबाईचं बोलणं ज्या चार माणसांनी ऐकलं त्यांनीही कदाचित जिभेवर ठेवलं नसतं. हे त्याच्या डोक्यात आलं. खोटं कशाला बोला, आलंच. पण ती मघाची म्हातारी कापलेली मरळ पदरात बांधून निघाली होती.

तो गाडीच्या मागच्या फाळक्यावर चढला.

"मी टाकलं औषध," तो म्हणाला. "मी. रत्नपालनं. सखुबाईच्या बेण्याच्या ड्रमात मासे आनले अन् त्या पान्यासकट डोहात सोडले. हे मासे खाल्ले तर मरताल. विजयकुमारनं काही केलं न्हाई."

इस्माईल उठून म्हणाला की आम्ही दोघांनी केलं. रत्नपाल त्याच्यावर पुन्हा खेकसला, या वेळी रडत. म्हणाला, यानं नको म्हटलं होतं. यानं वास ओळखला होता. मी ऐकलं नाही.

पाट्या उलट्या झाल्या. एकेक बाई मासे काठावर टाकून, हात मातीला पुसत निघून गेली. जाताना कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. एक म्हातारा तेवढा म्हणाला, आमाला शिकवत व्हता. सखुबाई मेंढरंवाल्यांना पाणी पाजू नका म्हणून सांगायला पळाली. दिवसभर रत्नपाल आणि इस्माईल खड्डा खोदत राहिले आणि मासे पुरत राहिले. इस्माईलला हातभर लांब एक मरळ उचलवेना. तो तिला ओळखत होता. रत्नपालनं ती उचलली आणि खड्ड्यात ठेवली.

त्यानंतर इस्माईल यायचा, नाही असं नाही. रत्नपालच्या दुकानात बसायचा, चहा घ्यायचा, मोंढ्यात हळदीचा काय भाव निघाला ते सांगायचा. नदीचं नाव दोघंही काढत नव्हते. रत्नपालनं गळाच्या काठ्या शिलाला चुलीत घालायला दिल्या. तिनं त्या घातल्या नाहीत, पण कुठं ठेवल्या ते त्यानं विचारलं नाही. सखुबाईनं ड्रमाबद्दल एक शब्द काढला नाही, उलट दही पाठवलं. त्या दह्यानं त्याला जेवढी लाज वाटली तेवढी कोणाच्या शिव्यांनी वाटली नसती. गावात लोक त्याला आता नदीचा पाटील म्हणत नव्हते. रत्नपाल म्हणत होते, सरळ नावानं.

पंधरा दिवसांनी विजयकुमार जळालेली मोटार घेऊन दुकानात आला. रत्नपालला वाटलं, आता हा मुस्काटातल्या त्या दोन परत करणार, आणि त्यानं मनातून गालही पुढं केला होता. पण विजयकुमारनं मोटार खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि बसला. म्हणाला की झालं गेलं नदीला मिळालं, तुम्ही चार लोकांत माझं नाव सोडवलं, दुसरा असता तर नसतं सोडवलं. मनापासून म्हणत होता. रत्नपालनं मोटार उघडली आणि जळकी तार उपसायला लागला.

"काका, एक इचारायचं व्हतं," विजयकुमार म्हणाला. "राग नका धरू. ते औषध कोनतं व्हतं?"

रत्नपालनं तार खाली ठेवली.

"करंटनं बारीकसारीक लागते. मोठी मासळी खडकाखाली दडून बसते, ती काही येत न्हाई. तुमच्या औषधानं एक बी मागं ऱ्हायली न्हाई. मी सोता पायलं ना. इतकं बराबर काम मी तरी कदी पायलं न्हाई." मग आवाज उतरवून, घरच्या माणसाला सांगावं तसं तो म्हणाला, "अन् मी काय गावात थोडीच इकतो? तिकडं शहरात कोन इचारते कशानं मारले म्हनून."

रत्नपालनं शिवी शोधली. आयुष्यभर त्याला शिवी कधी शोधावी लागली नव्हती, ती आपोआप यायची. ती आली नाही. तो एवढंच म्हणाला की मला ठाऊक नाही, तू जा. विजयकुमारला वाईट वाटलं. त्याला खरंच वाटत होतं की आता दोघांमध्ये काही उरलेलं नाही.

"बरं, नका सांगू," तो उठत म्हणाला. "सखुबाई मावशीला इचारतो. मोटार तेवढी उद्या द्या."

तो गेल्यावर रत्नपाल चपला घालायला उठला. सखुबाईकडं धावत जावं आणि सांगावं की या माणसाला नाव सांगू नको. तो उंबऱ्यापर्यंत गेला. मग त्याच्या ध्यानात आलं की बाटलीवर नाव छापलेलंच असतं, बाटली कुरुंद्याला कोणत्याही दुकानात मिळते, आणि या गावात ते पाण्यात टाकू नका म्हणून सांगणारा जो एक माणूस होता, त्यानंच ते टाकून दाखवलं आहे. तो परत येऊन बसला आणि मोटार भरायला लागला.